मेंदू, एक नग

अनुक्रमांक ४११२. मंगळवार.
वस्तू: मेंदू (फोटो), एक नग, खाकी पाकिटात.
कुठे सापडली: बस क्रमांक चौदा, मागून तिसरं बाक, खिडकीकडची बाजू.
स्थिती: वापरलेला.
मूळ मालक:
शेरा:

बस आगारातल्या 'हरवले-सापडले' विभागाच्या रजिस्टरात ही नोंद आधी अशी होती. अक्षर विभागातल्या दुय्यम कारकून, म्हणजे दुय्यमबाईंचं. 'वापरलेला' हा शब्द त्यांनी कुणाला टोमणा म्हणून लिहिलेला नाही. त्या रकान्यात 'नवा' किंवा 'वापरलेला' एवढे दोनच शब्द चालतात, असा विभागाचा नियम आहे. हा नियम ज्यांनी केला, मेंदूही त्यांचाच होता.

आगारात त्यांना खूणवाले म्हणतात. सव्वीस वर्षं ते विभागाचे प्रमुख आहेत. विभाग म्हणजे एक लांबट खोली, बावीस कपाटं, एक शिडी, एक खिडकी आणि दुय्यमबाई. कपाटांत छत्र्या आहेत, डबे आहेत, एकेकटे हातमोजे आहेत, कवळ्या आहेत, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम आहे (खूणवाल्यांच्या हिशेबाने नऊ वर्षं झाली, न्यायला नवराही आला नाही आणि नवरीही), आणि भिंतीवरचं एक घड्याळ आहे, जे कपाटात आडवं पडूनही बरोबर वेळ दाखवतं. कुठली वस्तू कुठल्या कपाटात, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. ते खूणवाल्यांच्या डोक्यात असतं. "रजिस्टर भिजतं, फाटतं, त्याला वाळवी लागते," ते दुय्यमबाईंना सांगत. "डोकं माझ्याबरोबर घरी येतं."

खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला ते तीन प्रश्न विचारत. वस्तू कोणती, कधी हरवली, आणि तिसरा, ज्याच्यावरून त्यांना हे नाव पडलं: ओळखीची खूण सांगा, जी फक्त मालकालाच माहीत असेल. नुसती निळी छत्री म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी मालक नव्हता, निळ्या छत्रीचा चाहता होता. काड्या किती? मुठीवर ओरखडा कुठल्या बाजूला? एक उत्तर चुकलं की तीन दिवसांनी या. या प्रश्नांचा त्यांनी छापील अर्ज करून घेतला होता, 'नमुना सात', आणि त्याबद्दल वरच्या कार्यालयातून त्यांना एक प्रशस्तिपत्रकही आलं होतं. त्यात त्यांचं आडनाव चुकलं होतं, पण भावना पोचल्या.

एक आजोबा महिनाभरात एका काळ्या छत्रीसाठी तीनदा येऊन गेले होते.

"काड्या किती?"

"अहो, छत्री आत तुमच्यापाशी, काड्या छत्रीला. मी मोजू कुठे?"

"हरवण्याआधी मोजायच्या," खूणवाले म्हणाले होते, आणि हे त्यांनी अगदी मनापासून, आजोबांच्या भल्यासाठी सांगितलं होतं.

ते स्वतः काही विसरत नसत. निदान त्यांना तसं आठवत होतं. एखाद्या समारंभात कुणी हात पसरून समोर आलं की त्यांची बायको आधीच म्हणे, "काय हो, जावयांची बदली झाली म्हणे तुमच्या?" की खूणवाल्यांना माणूस कोण ते कळे. गेली चारेक वर्षं हे असं चाललं होतं. खूणवाले याला योगायोग समजत.

तर अशा माणसाला शिडीवर चक्कर आली. फार उंचावर नव्हे, तिसऱ्या पायरीवर. पडलेही ते नीट, छत्र्यांच्या ढिगावर. पण रक्तदाब मोजला तर तो शिडीच्याही वर निघाला, आणि डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू करा, आणि एकदा मेंदूचा फोटो काढून घेऊ.

शुक्रवारी चक्कर, शनिवारी परिपत्रक. ज्यांच्या ताब्यात किल्ल्या आहेत आणि ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, अशांनी येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यावं. न दिल्यास किल्ल्या दुसऱ्याकडे जातील. खूणवाले बावन्न वर्षांचे होते आणि त्यांच्याकडे बावीस किल्ल्या होत्या. आगारप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं.

"तोवर रजा घ्या. किल्ल्या बाईंकडे राहू द्या. आणि समजा नाहीच जमलं, तर पास विभागात जागा आहे. बसून शिक्के मारायचे. पंखा आहे."

पंख्याचा उल्लेख खूणवाल्यांच्या जिव्हारी लागला. सव्वीस वर्षं ज्या माणसाने पंख्याशिवाय काढली, त्याला पंखा दाखवणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याने समजावं.

[इथे मशीनमधल्या अर्ध्या तासाचं वर्णन होतं. खूणवाल्यांच्या विनंतीवरून काढून टाकलं आहे. एवढंच राहू दिलं आहे की मशीनने आधी ठोकलं, मग खरवडलं, मग कुणीतरी वरच्या मजल्यावर कपाट सरकवतंय असा आवाज काढला, आणि आतून त्यांनी विचारलं की कपाट कुठल्या नंबरचं.]

सोमवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. त्यातलं एक वाक्य खूणवाल्यांनी वाचलं: 'मेंदूच्या पांढऱ्या भागात वयोमानानुसार तुरळक ठिपके आढळतात.' पुढे त्यांनी वाचलं नाही. 'तुरळक' हा शब्द त्यांनी आजवर फक्त टक्कल पडू लागलेल्या लोकांबद्दल ऐकला होता. 'वयोमानानुसार' त्याहून वाईट. ठिपके एकवेळ परवडले, पण ते सगळ्यांना असतात तसेच असावेत, त्यात काही वेगळेपण नसावं, हे त्यांना सहन होईना. फोटो तर त्यांनी बाहेरही काढला नाही. स्वतःच्या डोक्यात डोकावून बघणं त्यांना सभ्यपणाचं वाटलं नाही.

बायकोने काढला. ती शिवणकाम करते. पडदे, गणवेश, सोफ्याची कव्हरं. तिने फिल्म शिलाई मशीनसमोरच्या खिडकीच्या काचेला धरली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय दिसतंय?" खूणवाले पाठमोरेच म्हणाले.

"तुम्ही," ती म्हणाली. फिल्म पाकिटात घातली आणि राहिलेल्या पडद्याला टीप मारायला लागली.

बातमी जिन्याने वर गेली आणि दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर घेऊन खाली आली. हेडमास्तरांना सगळ्याच विषयांतलं कळतं, कारण शिक्षक रजेवर असले की सगळेच तास तेच घेत असत.

"मेंदू म्हणजे काय? रस्ते," ते खुर्चीत बसत म्हणाले. "जुने खचले की नवे काढायचे. उजव्या हाताची कामं डाव्या हाताने करा. सतराचा पाढा उलटा म्हणा. रोज वेगळ्या रस्त्याने घरी या. आणि घरातल्या वस्तूंच्या जागा बदलत राहा, म्हणजे मेंदू झोपत नाही. मी सहा वर्षं करतोय."

"आणि फरक पडला?" बायकोने विचारलं.

"कशात?" हेडमास्तर म्हणाले.

पण खूणवाल्यांचा निश्चय झाला होता. शुक्रवारी डॉक्टरांपुढे बसायचं ते नवे रस्ते काढूनच. हातात दिवस चार. मंगळवारी सकाळी त्यांनी डाव्या हाताने दाढी केली (त्याबद्दलही त्यांची विनंती आहे), डाव्या हातात पाकीट घेतलं आणि दवाखान्यात गेले. तिथल्या स्वागतबाईंनी वही बघून शुक्रवारी दुपारी बाराची वेळ दिली आणि बजावलं, "फोटो आणि रिपोर्ट आणा. त्याशिवाय डॉक्टर सही करत नाहीत."

येताना त्यांनी नेहमीची नऊ नंबरची बस सोडली आणि चौदा नंबरची धरली. नवा रस्ता. पाकीट शेजारी ठेवलं, कारण डावा हात दांड्याला होता आणि उजव्या हाताला सुट्टी दिली होती. मग पाढा सुरू केला. सतरा दाहे एकशे सत्तर. सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. सतरा आठे एकशे छत्तीस. सतरा साते, सतरा साते म्हणताना त्यांनी बाहेर पाहिलं तर एक पूल चालला होता, आणि असा पूल त्यांच्या घराच्या वाटेवर कधीच नव्हता. ते घाईघाईने उठले, दांडा सोडून दुसरा दांडा धरत उतरले, आणि तिथून पाऊण तास चालत घरी आले. इतकं चालल्याचा त्यांना एवढा अभिमान वाटला की हात रिकामे आहेत, याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. उलट चालताना हात मोकळे असावेत असंही त्यांचं मत झालं.

बुधवार. वस्तूंच्या जागा. मीठ औषधांच्या फळीवर गेलं, औषधं चपलांच्या कपाटात, चपला बाल्कनीत, मापाची टेप पिठाच्या डब्यात. बायकोची मोठी कात्री कुठे गेली हे गुरुवारपर्यंत कुणाला सांगता येईना. एका शाळेचे अकरा गणवेश कापायचे होते आणि बायको टेबलासमोर हात बांधून उभी होती.

"अहो, हे मेंदूसाठी आहे ना? तुमच्या की माझ्या?"

"दोघांच्या."

"मग माझा चांगला जागा झालाय. आता कात्री सांगा."

"आठव," खूणवाले उत्तेजन देत म्हणाले.

"तुम्ही ठेवलीत. मी कसं आठवू?"

खूणवाल्यांना आजोबांची छत्री अंधुक आठवली, पण नेमका संबंध लागला नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिने सहज विचारलं, "पाकीट काढून ठेवलंत ना? उद्या बाराला जायचंय."

"ठेवलंय."

"कुठे?"

"जागेवर."

"आपल्या घरात जागेवर म्हणजे कुठे, हे आता देवालाही विचारायची सोय नाही."

शोध सुरू झाला. गादीखाली, पडद्यांच्या ढिगात, फ्रिजच्या मागे. दोन वर्षांपूर्वी हरवलेला थर्मामीटर सापडला, बायकोची कात्री सापडली (भाजीच्या टोपलीत, टोमॅटोंच्या खाली), हेडमास्तरांनी मागे कधीतरी उसनी दिलेली पक्कड सापडली आणि ती दिलीय हे हेडमास्तरांना आठवेना. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून खूणवाले थबकले. हाताला टेप लागली होती. डोळ्यांसमोर मात्र रेक्झिनचं हिरवं बाक आलं, मागून तिसरं, खिडकीकडची बाजू, आणि त्यावर खाकी काहीतरी. सव्वीस वर्षं लोक त्यांच्या खिडकीशी जे तोंड करून उभे राहत, ते तोंड आपल्याला आतून कसं लागतं, हे त्यांना आत्ता कळलं.

मशीनवाल्यांकडे फोन केला. दुसरी प्रत मिळेल, पण सोमवारी. सोमवारी किल्ल्या दुसऱ्याच्या असतील आणि ते पंख्याखाली असतील.

"आगारात पडलंय बहुतेक," ते बायकोला म्हणाले. एवढं खरं होतं. "सकाळी घेऊन येतो."

तिने त्यांच्या पांढऱ्या हाताकडे पाहिलं. "मी साडेअकराला तिथेच येते. तिथून सोबत जाऊ."

आता कुणी म्हणेल, फिल्मच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं. दुय्यमबाईंनी ते वाचलंच असेल. मग मंगळवारीच घरी फोन का केला नाही? तर याचं उत्तर नियम क्रमांक नऊ: 'विभागाने मालकाला शोधत जाऊ नये, मालकाने विभागाला शोधत यावे.' पंधरा वर्षांपूर्वी खूणवाल्यांनी उत्साहाने एका घरी फोन केला होता की तुमच्या यजमानांच्या बॅगेत बायकांची नाजूक घड्याळं सापडली आहेत, दोन. बाईंनी शांतपणे विचारलं, दोन? त्यानंतर काय काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, पण त्या यजमानांनी बॅग कधीच नेली नाही आणि नियम नऊ लिहिला गेला. शिवाय नियम दहा: 'वस्तूवर नाव असणे ही खूण नव्हे. नाव कोणीही वाचू शकतो.' दुय्यमबाईंना खूणवाल्यांनीच बारा वर्षं शिकवून तयार केलं होतं. त्यांनी तीन दिवस ते पाकीट टेबलाच्या वरच्या खणात ठेवलं, दर तासाला खण उघडून पाहिला, आणि फोनला हात लावला नाही.

शुक्रवार, सकाळी साडेदहा. खूणवाले आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले. खिडकी इतकी खाली का आहे, असा प्रश्न त्यांना पडला. वाकावं लागत होतं. वाकलं की आतल्या माणसाचे फक्त हात दिसत. रांगेत त्यांच्या पुढे सात माणसं होती आणि प्रत्येकामागे बराच वेळ जात होता, कारण कुठली वस्तू कुठल्या कपाटात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि आत दुय्यमबाई एका डब्यासाठी एकेक कपाट उघडून बघत होत्या. पाठीमागून काठीचा आवाज आला. छत्रीवाले आजोबा. चौथी खेप.

"तुम्ही बाहेर?" आजोबा म्हणाले.

"रजेवर आहे."

"काय हरवलं?"

खूणवाल्यांना नंबर आल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. सव्वाअकरा झाले होते.

दुय्यमबाईंनी हात ओळखले. खाली वाकून त्यांनी चेहरा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले, पण तोंडातून सवयीने तेच निघालं जे त्यांना शिकवलं होतं.

"नमुना सात भरा, साहेब."

वस्तू कोणती?
मेंदू.

"फोटो म्हणा," आजोबा मागून डोकावत म्हणाले. "नाहीतर आतून भलतंच काढून देतील."

कधी हरवली?
मंगळवार. लक्षात आलं: गुरुवार.

"म्हणजे दोन दिवस त्याच्याशिवाय चाललं," आजोबा म्हणाले. "माझंही बरीच वर्षं चाललंय. बाई, आत एखादा जादा असला तर बघा."

रांग हसली. खूणवाले हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. राग येण्याइतका वेळ नव्हता.

ओळखीची खूण, जी फक्त मालकालाच माहीत असेल?

पेन थांबलं. खूण काय? ठिपके. किती? त्यांनी फोटो पाहिलाच नव्हता. अडीच हजार वस्तूंच्या जागा ज्या डोक्यात होत्या, त्या डोक्यात स्वतःबद्दल ही एक गोष्ट नव्हती. मेंदूबद्दल त्यांना फक्त 'तुरळक' हा एक शब्द माहीत होता, आणि तो तर निळ्या छत्रीइतकाच मोघम होता.

आत दुय्यमबाईंनी टेबलावरच्या पेन्सिली उचलल्या आणि एकेक करून खिडकीच्या कडेला मांडायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. खूणवाल्यांकडे न बघता. चार.

"बाई."

"पेन्सिली आवरतेय, साहेब."

"उचला त्या."

"साहेब, आज पाचपर्यंत प्रमाणपत्र द्यायचंय ना तुम्हाला? मला माहितीये परिपत्रक. मला नकोत त्या किल्ल्या. दहा मिनिटं एक डबा सापडत नाही मला."

"खूण मालकाने सांगायची," खूणवाले म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण नियम शाबूत होता. "तुम्ही सांगितलीत तर ती खूण कसली?"

दुय्यमबाईंनी पेन्सिली उचलल्या. खूणवाल्यांनी अर्जावर लिहिलं: चार. बाईंनी खण किंचित उघडला, फिल्म उजेडाला धरली, परत ठेवली आणि खण बंद केला.

"चुकलं?" खूणवाल्यांनी विचारलं.

"तीन दिवसांनी या," दुय्यमबाई म्हणाल्या, आणि नाक पुसलं.

रांगेत कुणी हसलं नाही. आजोबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझंही असंच झालं होतं," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, सोबत होती. खूणवाले बाजूला झाले. त्यांना दिसत होतं: शिक्का, शाईची गादी, डोक्यावर फिरणारा पंखा.

"झालं का?" बायको आली होती. गळ्यात टेप तशीच होती, पिठासकट. तिने खूणवाल्यांचा चेहरा पाहिला, हातातला अर्ज घेतला, वाचला, आणि ती खिडकीशी वाकली.

"बाई, सहा."

आतल्या हातांनी खण उघडला.

"डावीकडे तीन, तिरके, एका ओळीत. उजवीकडे दोन, जवळजवळ. आणि मागे एक, एकटाच. त्याच्या कडेला जरा फिकं आहे, खडू घासला गेल्यासारखं."

"तू मोजलेस?" खूणवाले म्हणाले.

"मापं घेते मी. दिसलं की मोजते." मग जरा हळू, पण रांगेला ऐकू जाईल इतकंच हळू, "कापडावर आपण खडूने खूण करतो ना, तसे दिसतात. फाटलेलं नसतं काही. इथे लक्ष ठेवा एवढंच."

दुय्यमबाईंनी फिल्म पुन्हा उजेडाला धरली. तीन, दोन, एक. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि त्या अडल्या. नियम स्पष्ट होता. खूण जी फक्त मालकालाच माहीत असेल.

"साहेब," त्या अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "नियमाने ही वस्तू वहिनींची होते."

खूणवाल्यांनी नियम मनात दोनदा वाचला. पळवाट नव्हती. तो त्यांनीच लिहिला होता आणि चांगला लिहिला होता.

"मग त्यांच्या नावावर करा," ते म्हणाले.

मूळ मालक: पत्नी. सही तिने डाव्या हाताने केली, कारण उजव्या हातात पाकीट होतं. हेडमास्तर असते तर खूश झाले असते.

पुढचं थोडक्यात. डॉक्टर साधारण खूणवाल्यांच्याच वयाचे होते. त्यांनी फोटो दिव्यावर लावला आणि सांगितलं की मेंदूचे वेगवेगळे भाग जोडणाऱ्या तारा असतात, तो हा पांढरा भाग. वय वाढलं, रक्तदाब वाढला की कुठे कुठे त्या तारांवरचं आवरण झिजतं, त्याचे हे ठिपके. या वयात बऱ्याच लोकांना असतात. निरोप पोचतो, पण कधी कधी जरा उशिरा. मग ते म्हणाले, "तीन शब्द सांगतो, थोड्या वेळाने विचारीन. खुर्ची, नदी, घंटा." रक्तदाब पाहिला, डोळ्यांत दिवा मारला, गालावरचे ओरखडे कशाचे ते विचारलं, उत्तर (पाऊण तास चालण्यासकट) ऐकून हसले, लिहीत बसले.

"हं, सांगा बघू तीन शब्द."

"खुर्ची, नदी, घंटा."

डॉक्टरांनी कागद चाळला. "टेबल नव्हतं?"

"खुर्ची," खूणवाले म्हणाले. "टेबल तुम्हाला तुमच्यासमोर आहे म्हणून वाटलं."

डॉक्टरांनी स्वागतबाईंकडून शब्दांची छापील यादी मागवली. खुर्ची होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही रोज किती चालता म्हणालात?"

प्रमाणपत्र मिळालं: 'किल्ल्या सांभाळण्यास योग्य.' खाली सूचना होत्या. गोळ्या वेळेवर, रोज चालणं, झोप पुरेशी, मीठ कमी. आणि शेवटची, अधोरेखित: 'सर्व वस्तूंच्या जागा लिहून ठेवणे.' खूणवाले या ओळीवर वाद घालणार होते, पण पाकीट बायकोच्या मांडीवर होतं, आणि पाच वाजायच्या आत आगारात पोचायचं होतं. ते नऊ नंबरच्या बसने गेले.

सोमवारी ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. पुढचे पंधरा दिवस ते शिडीखाली उभं राहून जागा सांगत राहिले आणि दुय्यमबाई लिहीत राहिल्या. अडीच हजारांत सातच वस्तू ते म्हणाले तिथे निघाल्या नाहीत. "एकोणीस झाल्या असत्या. बारा मीच हलवल्या होत्या," दुय्यमबाई म्हणाल्या. "गेल्या चार-पाच वर्षांत. तुम्ही नेहमी जिथे शोधता तिथे नेऊन ठेवत होते." खूणवाल्यांनी हा योगायोग आहे का, असा विचार थोडा वेळ केला, आणि मग तो विचार सोडून दिला. त्या सातांत लग्नाचा अल्बमही होता. तो कुणीतरी नेला होता. सही नवरा आणि नवरी, दोघांची.

आगाराच्या सुताराने खिडकी एक हात वर उचलून बसवली. नमुना सातच्या तिसऱ्या प्रश्नाखाली एक ओळ वाढली: 'मालकाला आठवत नसल्यास, ज्याला आठवते अशा घरच्या माणसाला सोबत आणावे. चालेल.' 'चालेल' हा शब्द सरकारी नाही असं वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. त्यातही आडनाव चुकलं होतं.

आजोबा पाचव्यांदा आले.

"घरचं कुणी नाही मला," ते नव्या खिडकीतून सरळ बघत म्हणाले. "काड्यांचं काय करायचं?"

खूणवाल्यांनी काळी छत्री काढली, उघडली आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिली. "मोजू," ते म्हणाले. दोघांनी मिळून मोजल्या. आजोबांच्या आठ भरल्या, खूणवाल्यांच्या सात, तेव्हा पुन्हा मोजल्या.

मग एक दिवस जुन्या नोंदी चाळताना त्यांना अनुक्रमांक ४११२ दिसला. सगळे रकाने भरलेले होते, शेरा सोडून. विभागात कोरा रकाना ठेवायचा नाही असा नियम आहे. त्यांनी पेन उजव्या हातात धरलं, जरा विचार केला आणि लिहिलं:

शेरा: वस्तू मालकिणीसोबत स्वतःच्या पायांनी चालत गेली. तक्रार नाही.